स्टिअरिंगवरचा लाल टिक्का

ती जुनी, फिक्या निळ्या रंगाची मोटार मी वरोऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून घेतली, तेव्हा गडचिरोलीत आमच्या शेजाऱ्यांनी मी दारात पांढरा हत्ती बांधला म्हणून थट्टा केली होती. हत्ती परवडला असता. हत्ती निदान माहुताचं ऐकतो.

गाडी हौसेसाठी घेतली नव्हती. माझी बायको चामोर्शीच्या वाटेवर एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होती. सकाळी एक एसटी शाळेच्या दोन तास आधी पोचवायची आणि दुसरी शाळा भरल्यावर. संध्याकाळी तिला फाट्यावर दीड-दीड तास उभं राहावं लागे. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचो, माझी वेळ वेगळी. तेव्हा ठरलं ते असं, की ती गाडी शिकेल आणि स्वतः जाईल-येईल. गावात बायका गाडी चालवत नसत त्या काळात. पण तिने शिकाऊ लायसन काढून आणलं आणि ते देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं.

दसऱ्याला तिने गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि स्टिअरिंगच्या चाकावर, वरच्या बाजूला, मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी गाडी काढली तर माझ्या लक्षात आलं, की रस्ता सरळ आहे, गाडी सरळ आहे, पण टिक्का वर नाही. घड्याळात तीन वाजतात त्या बाजूला गेलाय. झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला. गाडीला थोडा प्ले होताच, म्हणजे चाक चारेक बोटं फिरवलं तरी गाडीला त्याचा पत्ता नसे. आता तर पुरावाच मिळाला, की स्टिअरिंग मुळातच वाकडं आहे.

त्या चाकाला चार सारख्या दांड्या होत्या, अधिकच्या चिन्हासारख्या. त्यामुळे नुसतं बघून सरळ-वाकडं कळायची सोय नव्हती. मिस्त्र्याला खूण हवी म्हणून मी बायकोची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि कुंकवाच्या बोटावर लाल ठिपका पक्का करून टाकला. स्वतःच्या हुशारीचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

गावातल्या मिस्त्र्याने पुढची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची झिजलेली टोकं बदलली. मी डोक्याशी उभा होतो. गाडी सरळ चालताना टिक्का वरच पाहिजे, असं मी त्याला तीनदा बजावलं. तो काहीतरी बोलायला लागला होता, पण मी गणिताचा मास्तर, मी त्याला बोलू दिलं नाही. त्याने मुकाट्याने रॉड फिरवून टिक्का वर आणून दिला. मी खूश होऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून प्ले दुप्पट झाला. चाक हातात नुसतं डुलायचं. गाडी कधी नालीकडे, कधी समोरच्या सायकलवाल्याकडे.

दुसऱ्या मिस्त्र्याकडे नेली. त्याने स्टिअरिंगच्या डब्यावरचा पेच कसून प्ले काढला. प्ले बराचसा गेला, पण आता हलक्या वळणावर चाक मध्येच अडकू लागलं. जोर लावला की एकदम सुटायचं आणि गाडी भलतीकडे जायची. रोग बरा, औषध नको, अशी गत. मी मिस्त्र्यावर चिडलो, रस्त्यांवर चिडलो, व्यापाऱ्याच्या तर सात पिढ्या उद्धरल्या.

आणि याच दिवसांत मी बायकोला गाडी शिकवत होतो. बाजाराच्या मैदानात तिला बऱ्यापैकी जमलं. म्हणून एका रविवारी सकाळी चामोर्शी रोडवर नेलं. सरळ रस्त्यावर गाडी अजूनही थोडी डुलत होती. मी ओरडत होतो. एका साध्या वळणावर चाक अडकलं, तिने जोर लावला, चाक सुटलं आणि गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधावर चढून थांबली. कोणाला काही लागलं नाही. पण माझं तोंड सुटलं ते सुटलंच. बांधावर दोन माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी तिला म्हणालो, की फळ्यावर एक रेघ सरळ ओढता येत नाही तुला, तू गाडी काय सरळ नेशील.

तिने किल्ली माझ्या हातात दिली. सोमवारी ती पुन्हा एसटीने गेली. मी दोन-तीनदा विषय काढला, तेव्हा तिला चुलीवर काहीतरी आठवायचं. शिकाऊ लायसन देवाच्या फोटोमागेच राहिलं.

खरं सांगतो, मला तेव्हा मनातून ठाऊक होतं की चूक तिच्या हातांची नाही. चाक माझ्याही हातात अडकत होतंच. पण ते म्हणायला जीभ रेटेना. त्याऐवजी मी तिसऱ्या मिस्त्र्याकडे गेलो. त्याने रबरी बुश बदलले, पुढचे टायर मागे टाकले आणि शेवटी सांगितलं, की आपल्याकडचे रस्तेच असे आहेत.

चंद्रपूरला परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतल्या एका गल्लीत एक म्हातारे मुसलमान उस्ताद आहेत असं कळलं. बायकोला तिथे बहिणीकडे जायचं होतं, म्हणून ती बरोबर आली. उस्तादांनी गाडी एक चक्कर चालवून पाहिली आणि मला काहीच विचारलं नाही. पुढची चाकं जॅकवर उचलली, खालून रॉड सोडवला आणि मला म्हणाले, ‘गुरुजी, तुमी गिनती करा.’

टिक्का वर ठेवून त्यांनी चाक उजवीकडे अडेपर्यंत फिरवलं. दोन फेरे. परत टिक्क्यावर आणलं, डावीकडे फिरवलं. दीड.

‘कुल किती झाले?’

साडेतीन, मी म्हणालो.

‘आधा किती?’

पावणेदोन. म्हणता म्हणता माझा आवाज खाली गेला. टिक्का मध्यापासून पाव फेरा सरकलेला होता.

मग त्यांनी समजावलं. डब्यातले दात अगदी मध्यावर घट्ट बसतात आणि कडेला ढिले असतात, म्हणजे सरळ रस्त्यावर हात पक्का राहतो. आमच्या गाडीत टिक्का वर आणायच्या नादात मध्यच सरकला. म्हणून सरळ जाताना ढील, आणि ती ढील काढायला पेच कसला म्हणून वळणावर, मध्य आला की, चाक आवळलं जाई. तीन मिस्त्र्यांचं काम एका ठिपक्याने बिघडवलं होतं.

‘हा टिक्का कोनं लावला?’ उस्तादांनी विचारलं.

मी बायकोकडे बोट केलं. लाज सोडून केलं. म्हणालो, दसऱ्याला हिनेच लावला. गाडी आमच्या फाटकाच्या खांबाला वळवून उभी होती, चाकं तिरपी होती, आणि हिने वर दिसेल तिथे लावून दिला.

बहिणीकडे जायचं दुपारवर टाकून ती बाकावर बसली होती. शांतपणे म्हणाली, ‘मी कुंकू लावलं होतं. नेलपॉलिश यायनं लावली.’

उस्ताद पान्ह्यावरचं ग्रीस पुसत राहिले. मग म्हणाले, ‘कुंकू त दोन दिसांत पुसून गेलं असतं, गुरुजी.’

दुपारपर्यंत त्यांनी मध्य धरून रॉड बसवले आणि पेच सैल केला. ठिपका त्यांनी खरवडला नाही. तो तुमचा तुम्ही काढा, म्हणाले.

बहिणीला भेटून परतताना मूल गाव ओलांडलं, जंगल सुरू झालं. चाक वळणावरून आपोआप सरळ होत होतं, आणि मला त्याचा आनंद होण्याऐवजी तो धानाचा बांध आठवत होता. सावली गावाच्या पुढे गाडी कडेला घेतली. सगळं ओझं एकदमच टाकावं म्हणून तिला सांगितलं, की त्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.

तिने पर्समधून शिकाऊ लायसन काढलं. म्हणजे सकाळी निघतानाच तिने ते फोटोमागून घेतलं होतं.

‘उतरा,’ ती म्हणाली. ‘आन् मागं बसा. समोर बसान त बोलत राहान.’

शिकवणाऱ्याने शेजारी बसायचं असतं, हे मी तिला सांगितलं. तिने इंजिन सुरू केलं आणि माझी वाट पाहत राहिली. मी मागे बसलो.

चार-पाच किलोमीटरवर समोरून बांबूचा ट्रक आला, मागे शेपटासारखे बांबू लोंबत. मी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. तिने डावी चाकं हळूच मुरमावर उतरवली, ट्रक जाऊ दिला आणि गाडी पुन्हा डांबरावर घेतली. ठिपका तीन वाजण्याच्या जागी होता, आणि गाडी सरळ चालली होती.

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

‘रेघ सरळ आहे ना, गुरुजी?’

मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.