किटलीचं लाल कार्ड

छापखान्यात त्याला सगळे काळजीवाहू म्हणायचे. खरं तर तो तिथला स्टोअरकीपर. पण घरातून निघताना कुलूप ओढून बघायचं, कोपऱ्यावरून परत यायचं आणि पुन्हा ओढून बघायचं, असा त्याचा खाक्या. अशा माणसाला सुरक्षाप्रमुख नेमण्यात मालकांची हुशारी होती. भित्रा माणूस यंत्राला घाबरतो खरा, पण मालकाला त्याहून जास्त घाबरतो.

काम सोपं होतं. कुठल्या यंत्राची सुरक्षा तपासणी व्हायला हवी ते ठरवायचं आणि त्याला लाल कार्ड लावायचं. कार्ड लागलं की बाहेरचा तपासनीस येऊन बघेपर्यंत ते बंद. कार्डांचा गठ्ठा हातात देताना मालक एवढंच म्हणाले, "जरा डोळे उघडे ठेवून लावा हं. गिऱ्हाइकं खोळंबता कामा नयेत."

काळजीवाहूनं डोळे उघडे ठेवले. डुगडुगणाऱ्या स्टुलाला कार्ड लागलं. मग पंख्याला, शार्पनरला, संडासाच्या दाराला. दार बंद करायची सोय उरली नाही, तेव्हा लोक आत बसून मोठ्यानं गाणी म्हणू लागले. शेवटचं कार्ड चहाच्या किटलीला गेलं, कारण तिची वाफ खुद्द या सुरक्षासाहेबांच्या बोटाला लागली होती. चहा बंद झाला तशी लोकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली.

कागद कापायचं मशीन मात्र कोरं राहिलं. सगळा छापखाना त्याच्यावर चालायचा. त्याला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच पातं खाली यायचं, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. पण त्यानं काम रेंगाळतं. म्हणून एका बटणात पुठ्ठ्याची घडी कोंबून ते कायमचं दाबून ठेवलेलं असे आणि मोकळा झालेला हात पात्याखाली कागद सारखे करत असे. तो हात काळजीवाहूच्या मेहुण्याचा होता.

"दाजी, आमच्या मशीनला कार्डबिर्ड लावू नका हां," मेहुण्यानंच बजावलं होतं. "ते बंद म्हणजे मी घरी. मग पोसणार का मला?"

काळजीवाहूला हायसं वाटलं. मालक खूश, मेहुणा खूश, मग आपणच कशाला वाईट व्हायचं?

एका संध्याकाळी मेहुणा बहिणीकडे शर्ट शिवून घ्यायला आला. बाहीचं टोकच गेलं होतं. तिनं ती दिव्याजवळ धरली.

"हे फाटलेलं नाहीये. एक धागा लोंबत नाही बघ. कशानं कापलं रे?"

"अडकलं कशात तरी," मेहुणा भिंतीकडे बघत म्हणाला.

तिनं भावाचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपून बघितलं, लहान मुलाची बघावीत तशी. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तिथं सुरक्षेचे साहेब ना? काय करता दिवसभर?"

किटली बंद केली, असं बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? काळजीवाहूला स्वतःची शरम वाटली.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी छापखान्यात गेला. गठ्ठा तर संपलेला. त्यानं किटलीचं कार्ड सोडवलं, मशीनचा मेन स्विच बंद केला, चार पावलं जाऊन परत आला आणि पुन्हा बघितला. मग कार्ड आत सरकवून बरोबर पात्याखाली ठेवलं, रोज कागद ठेवतात तिथं.

मेहुणा आला आणि भडकला. "दाजी, माझ्या पोटावर पाय देताय!" त्या आरडाओरड्यानं मालकही धावत आले.

"हे कुणाचं डोकं?"

"माझं," काळजीवाहू म्हणाला.

"किटलीला लावा, दाराला लावा, मी काही बोललो का? हे काढा आधी!"

काळजीवाहू जागचा हलला नाही. "मी नाही काढणार, मालक."

"मग मी काढतो," म्हणत मालकांनी बाही वर सारली, हात पुढे केला आणि पात्याच्या अलीकडे तो थांबला.

"स्विच बंद आहे ना रे?"

काळजीवाहू गप्प राहिला. बाकी कुणाला माहीतच नव्हतं. मेहुण्याचा राग मध्येच विरला. तो मालकांच्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिला, मग आपल्या हाताकडे.

"माझा हात जातो तेव्हा चालू असतो, मालक," तो म्हणाला.

मालकांनी हात मागे घेऊन खिशात घातला. कार्ड तिथंच राहिलं.