गायीची लाथ आणि मामाजींचं हसू

आज सकाळी गायीनं मला लाथ मारली. हे कोणालाच सांगायचं नव्हतं, पण आता सांगतेच.

सासूबाई नणंदेकडे आंधळगावला गेल्यात आणि मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, हात प्लास्टरमध्ये आहे. म्हणून दूध काढायला मी बसले, नागपुरात वाढलेली! बादली उलटी आणि मी शेणात. आवाज ऐकून मामाजी आले, एका हातानं बादली सरळ केली आणि निघून गेले. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी माझ्याशी "जेवण झालं काय?" एवढंच बोलतात.

दुपारी मोबाईलवर शेतावरचं एक जुनं कार्टून लावलं. त्यातला शेतकरी दूध काढायला बसतो, गाय लाथ मारते, तो गवताच्या ढिगातून आरपार जातो आणि डोक्यावर उलटी बादली घेऊन पुन्हा तिथंच येऊन बसतो. मी खूप हसले. मामाजी मागून गंभीरपणे पाहत होते.

तिसऱ्या लाथेला म्हणाले, "वासरू कुठं आहे तिचं? आधी वासराले पाजलं नाही तं गाय लाथच मारंल ना!"

माझं हसू थांबलं. सकाळी मीही वासरू बांधूनच ठेवलं होतं, सगळं दूध पिऊन टाकेल म्हणून.

माझं तोंड पाहून त्यांना कळलं. मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "म्हणजे हा शेतकरी तुयाच माहेरचा दिसते!"

संध्याकाळी आधी वासरू सोडलं. गाय शांत उभी राहिली, अर्धी बादली दूध निघालं. मामाजी मुद्दाम गोठ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. उठताना म्हणाले, "आता काही मजा नाही आली."

मंडळी, तुम्हीच सांगा, उद्या वासरू सोडू की बांधूनच ठेवू?