विरोध असेल त्यांनी उभं राहावं

निखिलचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीच्या तळघरातल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडत होतो. त्या रविवारी पार्सिपनी या अमेरिकन गावाजवळच्या आमच्या छोट्या मराठी मंडळाची मीटिंग होती. एकवीस घरं, घरटी एक मत, म्हणून एकवीस खुर्च्या. विषय एकच होता, शेजारच्या मोठ्या मंडळात विलीन व्हायचं की नाही. अध्यक्षस्थानी नेहमीप्रमाणे माधवकाका असणार होते. दारालगतच्या खुर्चीवर मी त्यांची लोकरीची उशी ठेवली आणि फोन वाजला. "दादा, बाबा सकाळी उठलेच नाहीत," त्यांचा मुलगा निखिल म्हणाला. पुढचं बोलणं मला नीट आठवत नाही. मीटिंग कॅन्सल केल्याचा मेसेज सगळ्यांना पाठवला, खुर्च्या परत मिटवल्या... आणि मनात सगळ्यात आधी आला तो एक प्रश्न. दुःख नंतर आलं. मीटिंगपूर्वी काकांना मी एक गोष्ट विचारणार होतो. माझं मत त्यावर ठरणार होतं.

काका मूळचे सांगलीचे, बोगद्यांचे इंजिनिअर. तरुणपणी जलविद्युत प्रकल्पावर नॉर्वेला गेले ते सोलवोग नावाच्या एका लहानशा ठिकाणी तीसएक वर्षं राहिले. सोलवोगचा कारभार आपल्या ग्रामपंचायतीसारखा, पण अधिकार कितीतरी जास्त. शाळा, वृद्धाश्रम, पाणी, रस्त्यावरचा बर्फ, सगळं तिथल्या पंधरा सभासदांच्या हातात. फार पूर्वी सोलवोग खाडीपलीकडच्या मोठ्या गावाचा भाग होतं. सभेला जायचं तर बोट वल्हवत जावं लागे, आणि हिवाळ्यात वारा सुटला की सोलवोगची माणसं पोचेपर्यंत ठराव झालेला असे. शेवटी त्यांनी वेगळं होऊन आपला कारभार आपल्याकडे घेतला. हे सांगताना काका स्वतःच्या पणजोबांची गोष्ट सांगावी तसे रंगायचे. शेवटी मात्र हमखास म्हणायचे, "आणि मग खाडीखालचा बोगदा मीच खोदला. आता पलीकडे जायला दहा मिनिटं लागतात."

तिथे तीन वर्षं राहिलेल्या परदेशी माणसालाही गावच्या निवडणुकीत मत देता येतं, उभंही राहता येतं. शेजारच्या ओलाफने, म्हणजे गाई पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने, काकांचं नाव परस्पर यादीत घातलं. त्या काळी एकदा नाव गेलं की सहजासहजी नाही म्हणायची सोय नव्हती. "अरे, आपल्याकडे तिकिटासाठी डोकी फुटतात आणि मला तिथे धरून आणून बसवलं!" काका हसायचे. सभा शाळेच्या संगीतवर्गात भरे. मतदानाची पद्धत अशी की ठराव मान्य असेल त्यांनी बसून राहायचं, विरोध असेल त्यांनी उभं राहायचं. काकांना ती फार पटली होती. विरोध करणाऱ्याने एवढी तसदी घ्यावी, चार लोकांना त्याचं तोंड दिसावं, असं ते म्हणत.

काकू गेल्यावर ते इकडे निखिलकडे आले, आणि वयाने मोठे म्हणून आम्ही त्यांना अध्यक्ष केलं. त्यांनी तीच पद्धत आमच्याकडे आणली. पहिल्याच वेळी घोटाळा झाला. गणपती शाळेच्या जिममध्ये बसवायचा असा साधा ठराव होता. ऐंशीच्या घरातल्या कुसुममावशी ताडकन उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्याबरोबर आणखी बारा जण उठले आणि ठराव पडला. "मावशी, तुमचा विरोध का?" काकांनी विचारलं. "विरोध कसला? मला चांगला दणदणीत पाठिंबा द्यायचा होता. बसून कुणी पाठिंबा देतं का?" मावशी म्हणाल्या. बाकीचे का उठले? "मावशी उभ्या असताना आम्ही बसायचं कसं, काका?" काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हे सोलवोगला कळवायलाच हवं," म्हणाले. पण कळवायला सोलवोग उरलंच नव्हतं.

ते पुन्हा खाडीपलीकडच्या गावात विलीन झालं होतं. काका त्या सभेत होते. सात जण उभे राहिले, आठ बसून राहिले. बसलेल्या आठांत काका होते. ते उठले असते तर निकाल उलटा लागला असता. हे गणित मी चहा पिताना त्यांच्यासमोरच मांडलं तेव्हा ते म्हणाले, "शाळेत मुलं किती उरली होती माहीत आहे? वृद्धाश्रमाला नर्स मिळत नव्हती. आकडे गावाच्या विरोधात होते." मला ते पटलं. मग आठवड्याभराने माझ्या बायकोला म्हणाले, "अगं, त्या दिवशी गुडघा असा धरला होता, उठवेचना." आणि अगदी अलीकडे एकदा गाडीत, मी काही विचारलेलं नसताना, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, बाकीचे सगळे उठतील..." अंत्यविधीच्या दिवशी मी निखिलला विचारलं, काका तेव्हा बसून का राहिले. तो गोंधळून म्हणाला, "बट ही वॉज अगेन्स्ट इट, दादा. आईला ते नेहमी सांगायचे, मी उभा राहणार म्हणून." चार उत्तरं, आणि एकाशी दुसऱ्याचा मेळ नाही. माझं काम आकडेमोडीचं. बेरीज जुळली नाही तर मला झोप लागत नाही. आमच्या मंडळाचे आकडेही विरोधातच आहेत. कार्यक्रमाला माणसं कमी, कामाला त्याहून कमी. सोलवोग बुडवल्याचा काकांना पस्तावा होता की नाही, एवढं कळलं असतं तरी माझं ठरलं असतं.

सहा आठवड्यांनी मीटिंग झाली. एकवीस खुर्च्या मांडल्या, सवयीने उशीही ठेवली. त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. निखिलला काम होतं, तो आलाच नव्हता. आता अध्यक्षपद सांभाळणाऱ्या मीनलताईंनी काकांच्या पद्धतीने विचारलं, "विलीनीकरणाला विरोध असेल त्यांनी उभं राहावं." मी उठलो. का उठलो, ते आजही नेमकं सांगता येणार नाही. कुसुममावशी या वेळी विचारपूर्वक बसून होत्या. मोजायचं काम माझं. "उभे दहा, बसलेले अकरा. ठराव मंजूर," मी म्हणालो.

"अकरा कुठून आले?" मीनलताई म्हणाल्या. "आत्ता खोलीत माणसंच वीस आहेत."

मी डोकी मोजलीच नव्हती. एकवीस खुर्च्यांतून उभे असलेले वजा केले होते. सगळ्यांची नजर दारालगतच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. कुणी हसलं नाही. "माधवरावांना बसलेल्यांत धरलंस होय रे?" कुसुममावशी हळूच म्हणाल्या. दहा विरुद्ध दहा. आमच्या नियमाप्रमाणे समसमान मतं पडली की ठराव पडतो. मंडळ राहिलं. निदान या वर्षी तरी.

सगळे गेल्यावर मी वीस खुर्च्या मिटवल्या. एकविसाव्या खुर्चीसमोर थोडा वेळ उभा राहिलो, मग तिच्यावर बसून पाहिलं. लायब्ररीच्या या खुर्च्या बुटक्या, त्यात काकूंनी विणलेली ती उशी चांगलीच खोल दबते. उठताना मला दाराच्या चौकटीला धरावं लागलं, आणि मी अजून पंचावन्नचाही नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळतं. उशी मी घरी नेली नाही. कपाटात, खुर्च्यांच्या वर, तिथेच ठेवली आहे.