सिंकखालचा मग

आमच्या लंडनमधल्या, पिनरच्या घराचं हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, छाटायला गेली तीन वर्षं एक रोमानी माणूस येतो; लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्यातला. रोमानी असल्याचं त्यानेच पहिल्या दिवशी ताठ मानेने सांगितलं होतं. मी दर वेळी चहा देते. तो 'थँक यू' म्हणून चहाचा मग भिंतीवर ठेवतो आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा पितो. आलं-वेलची घातलेला माझा चहा गार होतो. एवढा माज कसला, असं वाटून मी दर वेळी चिडायचे.

परवा शेजारची ग्रीक बाई त्याच्यावरून मला म्हणाली, "शेडला कुलूप लाव. आमच्याकडे यांना अत्सिंगानोस म्हणतात." मी अर्थ विचारला. म्हणाली, जुना शब्द आहे. पूर्वी एक पंथ होता, दुसऱ्याला शिवलं तर आपण बाटतो असं मानणारा. 'न शिवणारे' हे त्याचं नाव. पुढे ते या भटक्यांना चिकटलं आणि अर्थ फिरून 'ज्यांना शिवू नये ते' असा झाला. हल्ली नुसतं त्सिंगानोस म्हणतात.

माझं डोकंच फिरलं. तिला तिथेच सुनावलं आणि घरात येऊन नवऱ्यापुढे शिवाशिवीवर पुन्हा तोंड सोडलं. तो भांडी पुसत होता. म्हणाला, "अगं, एवढं लेक्चर देतेस, मग गार्डनरचा मग सिंकखाली ब्लीचशेजारी का ठेवतेस?"

सोयीचं पडतं, मी म्हटलं. खोटं होतं ते. माहेरी कामवाल्या मावशींचा कप असाच मोरीपाशी उपडा असायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला माझीच लाज वाटली.

काल गार्डनर आला. पाहुण्यांचा सोनेरी काठाचा कप भरून मी बाहेर नेला आणि त्या मगाबद्दल माफी मागितली. तो अवघडला.

"मगाचं नाही हो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी खिडकीतून तुमच्या सिंकमध्ये फरशी पुसायची बादली दिसली. आमच्याकडे कपांचं घमेलं वेगळं असतं. हात, कपडे, फडकी धुतात तिथे धुतलेला कप आम्ही तोंडाला लावत नाही."

"आता नाही ठेवत मी तिथे बादली," मी घाईने म्हटलं.

त्याने मान हलवली आणि थर्मास उघडला. गार झालेला कप मी आत आणला. सिंकमध्ये बादली होती. सकाळी मीच ठेवली होती.