सात दिवसांचं गुंतवळ

वरवट बकालात कलाबाई तायडेला फसवणं सोपं नाही, हे भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. चहापत्ती घरात आली की आधी ती ओल्या कागदावर पसरायची आणि रंग सुटतो का ते बघायची. दुधाचा थेंब फरशीवर ओघळवून बघायची. तेलाची सीलबंद पिशवीसुद्धा उजेडाकडे धरून दोनदा हलवल्याशिवाय फोडायची नाही. नवरा कचरू हयात होता तेव्हा सांगायचा की हिनं लग्नाच्या मांडवात माझं नाव दोघातिघांना विचारून खात्री करून घेतली होती, मगच हार घातला.

गाव तिची टिंगल करायचं, पण जपून करायचं. कारण ह्याच संशयानं गावाची पोरं सांभाळली होती. वीस वर्षं कलाबाईनं शाळेची खिचडी शिजवली. तांदूळ दोनदा निवडायची, डाळ नाकाशी धरायची आणि पहिला घास स्वतः खाऊन अर्धा तास थांबायची. पोरं ताटं वाजवायची, हेडमास्तर घड्याळ बघायचे, ही मात्र ढिम्म. एकदा वास येतो म्हणून आख्खं पोतं तिनं शाळेच्या दारातून परत धाडलं. वीस वर्षांत तिच्या हातचं खाऊन एका पोराला साधी उलटी झाली नाही. आपला संशय म्हणजेच आपली हुशारी, असं तिच्या मनानं घेतलं ते त्यामुळे, आणि तिला चूक ठरवायची कुणावर वेळही आली नव्हती.

कलाबाईची दुसरी मिरास म्हणजे तिचे केस. साठी आली तरी वेणी कमरेला लागायची. सुतासारखे सरळ, बारीक केस. एक दिवसाआड डोक्यावर तेल थापायचं, रोज सकाळी ओसरीत बसून फणी फिरवायची आणि पंधरा दिवसांनी रिठ्यानं न्हायचं, हा तिचा नेम. फणीत आलेलं गुंतवळ बोटाला गुंडाळून ती खुंटीवरच्या कॅरीबॅगेत टाकायची. महिन्या-दोन महिन्यांनी केसवाली गल्लीत हाळी देत यायची आणि त्या गुंतवळाच्या बदल्यात भांडं द्यायची. गेल्या खेपेला वाटीवर भागवू बघणाऱ्या त्या बाईकडून कलाबाईनं चांगलं झाकणाचं पातेलं काढलं होतं. घासाघीस करावी तर आपणच, असं ती चार जणींना सांगत फिरली.

तिचा मुलगा धम्मदीप नांदुऱ्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. सात वर्षं तिथंच भाड्याच्या खोलीत राहून ह्या दिवाळीनंतर तो बायको-मुलीला घेऊन घरी आला आणि बसनं जाऊ-येऊ लागला. सून मयुरी डोणगावची. तिचे केस कुरळे, दाट, खांद्याभोवती मोकळे फुगलेले. नात महामाया सहा वर्षांची, केसांनी थेट आईवर गेलेली. सणावाराला दोन दिवस येणारी सून वेगळी आणि रोज डोळ्यांसमोर वावरणारी सून वेगळी. कलाबाईनं डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली.

त्यात तो हिवाळा वाईट निघाला. शेजारच्या तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस मुठीनं हातात येऊ लागले, चार-आठ दिवसांत टकलं पडली. टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या. कुणी बोअरच्या खाऱ्या पाण्याला दोष देई, कुणी शाम्पूला, कुणी गव्हाला. ज्याच्या त्याच्या घरात सकाळी उठून उशी तपासणं सुरू झालं. कलाबाईसारखीला तर आयतं कोलीत मिळालं.

मयुरी दर रविवारी न्हायची आणि तासभर मोरीतून बाहेर यायची नाही. बाहेर आली की डोक्याला जुना टी-शर्ट गुंडाळलेला. पुढचे सहा दिवस केसांना कंगवा नाही. तेल लावलं तर फक्त टोकांना, टाळूला थेंब नाही. रात्री डोक्याला गुळगुळीत सॅटिनचं फडकं बांधून झोपायची. झोपतानाही डोकं झाकते म्हणजे काहीतरी लपवते, एवढं कलाबाईला कळत होतं. मग एका रविवारी तिला मोरीच्या जाळीपाशी केसांचा गोळा सापडला. लिंबाएवढा. त्या सकाळचं तिचं स्वतःचं गुंतवळ सुपारीएवढंही नव्हतं. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

तिनं सरळ विचारलंही. मयुरीनं शांतपणे सांगितलं की कुरळे केस कोरडे विंचरले तर तुटतात, म्हणून ती ओल्या केसांना कंडिशनर लावून मोठ्या दातांच्या कंगव्यानं आठवड्यातून एकदाच सोडवते. फडकं बांधलं की उशीला घासून केस तुटत नाहीत. टाळू कोरडी असली तर एक रीत, तेलकट असली तर दुसरी. एवढ्यावर थांबली असती तर बरं. पण ती पुढं म्हणाली की तुमची टाळू मुळातच तेलकट आहे आई, त्यावर अजून तेल थापता म्हणून कोंडा होतो, आठवड्यातून दोनदा धुवा. कलाबाईला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. शिवाय इतकं पाठ केल्यासारखं उत्तर खरं असूच शकत नाही.

तेव्हापासून दर रविवारी ती मोरीतला गोळा उचलून वाळवायची आणि वेगळ्या पुडीत बांधून पेटीत ठेवायची. चार रविवार झाले, चार पुड्या झाल्या. गोळा दर खेपेला तेवढाच, तिच्या रोजच्या गुंतवळाच्या तिप्पट-चौपट. सुनेला रोग आहे आणि डोणगावच्यांनी तो लग्नात झाकून ठेवला, इथपर्यंत तिचा हिशेब गेला. मयुरीशी तिचं वैर नव्हतं. तिची झोप उडाली होती ती महामायेपायी. तसलेच केस, तीच उशी, तोच कंगवा. नातीवर तिचा जीव होता, आणि जिथं जीव असतो तिथं भीती आधी शिरते.

पाचव्या आठवड्यात मयुरीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. गुरुवारी ती डोणगावला गेली. महामायेची शाळा म्हणून तिला मागं ठेवलं. जाताना बजावून गेली की पोरीचे केस कोरडे विंचरू नका, पाण्याचा हात फिरवून नुसते बांधा. कलाबाईनं मान हलवली.

शुक्रवारी सकाळी तिनं महामायेला पुढ्यात बसवलं आणि आपली बारीक दातांची फणी त्या कोरड्या कुरळ्या केसांत घातली. पोरगी किंचाळली. फणी अडली, कलाबाईनं ओढली. पुन्हा अडली, पुन्हा ओढली. फणी बाहेर काढली तर दातादातांत केस. म्हणजे लेकरालाही लागण झाली. बातम्यांतली ती टकली माणसं तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. आता डोकं साफ करावं, म्हणजे निदान मुळं वाचतील, नवे केस दाट येतील, असं तिनं ठरवलं. मयुरीला फोन करायचं तिच्या मनात आलं, पण चोराला विचारून कुलूप कोण लावतं?

महामाया घाबरली होती. टोकंच कापायची आहेत, एवढीएवढीशी, असं सांगून आणि कुल्फी कबूल करून तिनं पोरीला बसस्टँडजवळच्या सागरच्या सलूनमध्ये नेलं. सागरनं त्या केसांकडे बघून हात आखडला. एवढे चांगले केस, हिच्या आईला माहीत आहे का, म्हणून त्यानं विचारलं. वीस वर्षं दुसऱ्यांचा खोटेपणा हुडकणाऱ्या कलाबाईनं डोळ्याला डोळा देऊन सांगितलं की आईनंच पाठवलंय. मशीन सुरू झालं. महामाया रडली नाही. आरशातून ती आजीकडे बघत राहिली, शेवटपर्यंत. कुल्फी घ्यायलाही थांबली नाही.

संध्याकाळी धम्मदीप आला, पोरीकडे बघून तसाच उभा राहिला आणि मयुरीला फोन लावायला बाहेर गेला. कलाबाईला त्याचं वाईट वाटलं, पण पेटीतल्या पुड्यांचा तिला आधार होता. पुरावा बघितला की पोरगा आपल्याच बाजूनं येईल, अशी तिची खात्री होती.

रविवारी दुपारी मयुरी आली. आरडाओरडा नाही, काही नाही. ओसरीत बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या खरखरीत डोक्यावरून हात फिरवत राहिली. कलाबाईनं आतून चारही पुड्या आणल्या, तिच्यासमोर सोडून ठेवल्या आणि शेजारी त्या सकाळचं आपलं गुंतवळ मांडलं.

"हे तुहं अन् हे माहं," ती म्हणाली. "आता सांग, रोग कोनाले हाय?"

मयुरीनं चारही गोळे बघितले. मग सासूकडे बघितलं.

"आई, मी हप्त्यातून एकदा केस सोडवते. ह्या एका गोळ्यात सात दिवसांचे केस हायत. तुमच्या ह्यात एका दिवसाचे. तुमचे सात दिवसांचे कुठं हायत?"

मयुरी उठली आणि तिनं खुंटीवरची कॅरीबॅग काढली. केसवाली कधी आली होती, एवढंच तिनं विचारलं. गेल्या रविवारी, पातेलं दिलं तेव्हा, धम्मदीपनं दारातून सांगितलं. म्हणजे बॅगेतलं आणि हे आजचं मिळून बरोबर सात सकाळी होत्या. मयुरीनं बॅग उपडी केली आणि सगळं गुंतवळ एकत्र करून आपल्या एका गोळ्याशेजारी ठेवलं. ते जवळजवळ दुप्पट होतं.

कलाबाई त्या दोन गोळ्यांकडे बघत बसली. पातेलं आपल्या घासाघिशीनं मिळालं नव्हतं, केसच तेवढे जास्त गेले होते, हे तिला आत्ता उमगलं. तिचा हात आपोआप भांगावर गेला. भांग बोटभर रुंद झाला होता आणि बोटाला कोंडा लागला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं नि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं ती दुसऱ्यांना किती वेळा सुनावत आली होती. तिला लाज वाटली, खरोखरची.

"रोगाचा संशय आला होता तर मले तसं बोलाचं होतं," मयुरी म्हणाली. "राग आला असता, भांडली असती, मिटलं असतं. तो संशय लेकराच्या डोक्यावर काऊन काढला?"

मयुरी आठ दिवस कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी तिनंच धम्मदीपला सांगून सासूला खामगावच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी जवळजवळ तेच सांगितलं. तेल बंद, आठवड्यातून दोनदा धुणं, औषधाचा शाम्पू पाच मिनिटं टाळूवर ठेवून. कलाबाईनं त्यांना तीनतीनदा विचारलं, पण केलं मात्र सांगितलं तसं. महिनाभरात खाज थांबली, गुंतवळही कमी झालं. सासू-सुनेचं बोलणंही हळूहळू पूर्वीवर आलं.

महामायेचं तेवढं आलं नाही. ती आजीच्या हातचं जेवायची, आजीबरोबर शाळेत जायची, कापडी टोपी घालून. पण डोक्याच्या वीतभर जवळ आजीचा हात आला की मागं सरकायची. तिसऱ्या महिन्यात केस बोटाच्या पेराएवढे झाले आणि कानामागं पुन्हा वळू लागले. ते बघून कलाबाईला राहवलं नाही. एका सकाळी पोरगी ओसरीत चित्र काढत बसली होती, ती तिच्याजवळ जाऊन बसली आणि हात पुढं केला.

महामाया झटकन बाजूला झाली. "आधी दाखव हात," ती म्हणाली.

कलाबाईनं दोन्ही तळवे उघडून दाखवले.

"उलटे कर."

तिनं उलटे केले. पोरीनं बोटांच्या बेचक्यात बघितलं. मग पदर उचलून खाली बघितलं, उठून आजीच्या पाठीमागं जाऊन आली. कुठं काही नव्हतं. ती पुन्हा जागेवर बसली, थोडा वेळ विचार केला, आणि चित्राची वही डोक्यावर धरली.

"आज नोको," ती म्हणाली.

कलाबाई "बरं" म्हणाली आणि दोन्ही हात तिला दिसतील असे मांडीवर ठेवून बसून राहिली.