बानाकासोंदेची कोंबडी

आमच्या कासामा गावात लग्न ठरलं की पहिला निरोप कासोंदेच्या आईला, म्हणजे बानाकासोंदेला जायचा. नवरीला संसार शिकवायचा, जावयापुढे कुठलं ताट आधी उघडायचं, कुठल्या ताटाला कुठलं गाणं, सगळं तिच्या डोक्यात.

मग ते डोकंच चालेना. गाणं अर्ध्यावर सोडायची, मीठ दोनदा घालायची, सपाट अंगणात अडखळायची. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे दारू. मी तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलंय, असली बडबड मला सहन होत नाही. दंड धरून तिला दवाखान्यात नेलं. रक्तात एचआयव्ही निघाला. डॉक्टरांनी तिला चार शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांत एकही उरला नाही.

"विषाणूचा मेंदूवर परिणाम झालाय," ते म्हणाले. "गोळ्या रोज घ्यायच्या. बरंचसं परत येईल. सगळं येईलच असं नाही सांगत."

पहिला महिना स्वप्नांचा गेला. "मेलेला नवरा रोज मासे घेऊन येतो," ती मला म्हणाली, "साफ मात्र एकदाही करत नाही." बायकांनी लगेच ठरवलं, गोळ्यांनीच वेड लागलं. मी म्हटलं, वेड लागलं असतं तर तुमच्यासारखी बोलली असती. गोळ्या चालू राहिल्या, स्वप्नं विरळ झाली. वर्षभरात स्वयंपाकाचा हात सुधारला, गाणी परतली. पाय अजून जळजळतात आणि एखादा शब्द उशिरा येतो.

एवढ्यात शेजारच्या बानाम्वाबाच्या मुलीचं लग्न ठरलं. आणि ही बया ताटं मांडायला दुसरीच बाई शोधायला लागली.

"बानाकासोंदे जावयाच्या माणसांसमोर अडकली तर?" ती मला म्हणाली. "माझी अब्रू जाईल, बाई."

"मग तिलाच विचार की."

विचारलं नाही. तिनं बानाकासोंदेला स्वयंपाकघरात बोलावलं आणि मी धरून चार बायकांसमोर कापलेली कोंबडी पुढे ठेवली. आमच्याकडे जावयाला सबंध कोंबडी वाढतात. एक तुकडा गहाळ झाला तर अपमान. "ताट मांडून दाखव गं," बानाम्वाबा म्हणाली.

बानाकासोंदेनं मान मांडली, पंख मांडले, मांड्या, पाय, काळीज. मग हात थांबला. किती तरी वेळ थांबला. बानाम्वाबानं माझ्याकडे पाहिलं: बघा, म्हटलं नव्हतं? मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

"ही कोंबडी जगत कशी होती?" बानाकासोंदे सावकाश म्हणाली. "खाल्लेलं दळत कशात होती?"



"पेटा कुठाय? जावयाचा मानाचा तुकडा तो. तुझ्या नवऱ्यानं खाल्ला की तू लपवलास?"

बानाम्वाबानं पालथा वाडगा उचलला. त्याखाली पेटा. बायका इतक्या हसल्या की एकीचं बाळ उठून रडायला लागलं.

"मला वाटलं, तुला कळणार नाही," बानाम्वाबा पुटपुटली.

"उशिरा कळलं. पण कळलं." तिनं पेटा ताटाच्या मधोमध ठेवला. "शनिवारी लग्नातही मध्येच थांबले तर मला आठवेपर्यंत तू नाचत राहायचं. तेवढं तरी येतं ना?"

"येतं की."

"दाखव मग."

आणि लठ्ठ बानाम्वाबाला आम्हा सगळ्यांसमोर नाचून दाखवावं लागलं. वाईट नाचते.