बिनदगडाची गोफण

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि पुढं विचारायला तोंड राहिलं नाही. गिरणीच्या बॉयलरला जळण तोडून घ्यायच्या कामावर मी अक्कलकोट रस्त्यानं सायकलवर जायचो, तेव्हा ते रोज सकाळी ज्वारीतल्या मचाणावर उभे दिसायचे. डोक्याला मुंडासं, हातात गोफण. थंडीत परमुलखातून येणाऱ्या भोरड्यांचा गुलाबी-काळा थवा कणसांवर उतरला, की गोफण गरगर फिरवून कडाडकन वाजवायचे. पण तिच्यात दगड कधीच नसायचा.

"नेम चुकतो का, आजोबा?" मी एकदा थट्टेनं विचारलं.

"पावनी हायती ती. उठवायची, मारायची न्हाई. दानं खात्यात, तशी किडंबी खात्यात की."

त्या हिवाळ्याअखेर तळ्याकाठची बाभळीची राई मी उभं राहून तोडून घेतली. भोरड्या संध्याकाळी तिथंच वस्तीला येत. आजोबांनी आपल्या बांधावरच्या चार बाभळी मात्र दिल्या नाहीत. भाव वाढवला तरी नुसती मान हलवली.

पुढच्या थंडीत त्या चार बाभळींपुरती पंधरावीस पाखरं तेवढी आली. मी सायकल थांबवून म्हणालो, "सुटलात की आजोबा! यंदा राखणच नको."

ते रागावले नाहीत. सावकाश खाली उतरले आणि ज्वारीचं एक ताट वाकवून माझ्यापुढं धरलं. पानांची चाळण झाली होती, अन् नाकतोडे निवांत चरत होते. मग त्यांनी कमरेची गोफण सोडून माझ्या हातात दिली.

"घ्या," ते म्हणाले, "उठवा आता ह्यास्नी."